खालचा पाणवठा

होळीला चार दिवस उरले होते तेव्हा ठकूबाईला खालच्या पाणवठ्यावर निवटी दिसली आणि तिच्या तोंडून पहिली निघाली ती शिवी. कमरेवरची कळशी तिनं दगडावर ठेवली आणि वाकून नीट पाहिलं. बोटाएवढी मातकट मासळी पाण्याबाहेर गाळावर येऊन बसली होती. डोळे कपाळावर, गाल फुगलेले, तोरा असा की सात पिढ्या इथंच नांदलेली. ठकूबाईनं खडा मारला तशी ती टणाटण तीन उड्या मारत बिळात गेली. ते बीळ बघितलं आणि ठकूबाई कळशी भरायची विसरली.

निवटी हा खाडीचा मासा. भरती ओसरली की चिखलावर बसून वारा खाणारा. ठकूबाईचं माहेर पेणच्या खारेपाटातलं, खाडीकाठचं, त्यामुळे तिला त्याची ओळख पटवायला कुणाची गरज नव्हती. पण दांडवलीत नांदायला येऊन तिला पस्तीस वर्षं झाली होती आणि या पस्तीस वर्षांत इथं तिला निवटीचं शेपूटही दिसलं नव्हतं. मोहोपाड्याच्या खाली, पाताळगंगेच्या वळणावर बसलेलं हे गाव. नदीचं पाणी गोडं, वर वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यानं भर उन्हाळ्यातही वाहतं. त्या जोरानं खाडी कोसभर खाली अडून राहायची. पण गेल्या साली, म्हणजे बहात्तरला, पावसानं तोंड काळं केलं. घाटावरच्या तलावांतच पाणी नाही म्हटल्यावर नदीत तरी कुठून येणार? नदीचा रेटा कमी झाला आणि खाडीनं वर सरकायला सुरुवात केली.

ती एका दिवसात आली नव्हती. दिवाळीनंतर गावातल्या गजाच्या जाळ्यात खाडीची बोईटं लागायला लागली. गाव खूश. मग एक हातभर जिताडा मिळाला. तो सखाराम पाटलानं केळीच्या पानात बांधून मामलेदाराच्या घरी पोचवला, कारण जिताडा स्वतः खायचा नसतो, साहेबाला खिलवायचा असतो. मग बांधातले काळे मुठे, गोड्या पाण्यातले खेकडे, दिसेनात आणि त्यांच्या जागी खाडीच्या मोठ्या नांग्यांच्या चिंबोऱ्या आल्या. नदीच्या खवली, गोड्या पाण्यातली मासळी, वरच्या डोहांकडे निघून गेल्या. ज्यांना पर होते ते गेले, ज्यांना पाय होते ते गेले. राहिल्या त्या शिंपल्या. त्यांना ना पर ना पाय, त्या तळाच्या वाळूत जागच्या जागी मेल्या आणि तोंडं वासून काठाला लागल्या. गावानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. फुकटचं मासं ताटात पडत होतं, शिंपल्यांचं सुतक कोण पाळतो!

ठकूबाईनंही बोईटं खाल्ली, खोटं कशाला बोला. पण खाताना तिचं लक्ष ताटापेक्षा नदीकडे होतं. बोईट हे पाहुणं, गोड्यात येतं तसं परत जातं. जिताडा आला तो बोईटांच्या मागं. चिंबोरी चार दिवस रेंगाळते. निवटीचं तसं नाही. निवटी बीळ करते, आणि बीळ करणारा पाहुणा नसतो.

आता हे सगळं आधी खालच्याच पाणवठ्यावर का दिसलं, ते सांगायला हवं. दांडवलीत पाणवठे दोन. वरचा पाटलांचा, तिथंच त्यांचं डिझेल इंजान बसवलेलं. त्याच्या खाली दोनशे पावलांवर, गावाची धुणी आणि म्हशी उतरून आल्यावर जे पाणी मिळेल त्याचा ठकूबाईच्या बौद्धवाडीचा पाणवठा. वाडीनं धर्म बदलला, देव नदीत सोडले, मेलेलं ढोर ओढायचं बंद केलं, त्याला सतरा वर्षं झाली होती. कायदाही झाला होता. सखाराम पाटील खोपोलीच्या हॉटेलात कुणाही शेजारी बसून चहा पीत असे. पण गावात आला की कायदा वेशीबाहेर चपलांबरोबर राहायचा. पाणवठे होते तिथंच होते. खाडी खालून वर येणार, म्हणजे आधी वाडीच्या उंबऱ्याला लागणार, हे उघडच होतं. पण दुसऱ्याच्या उंबऱ्यात काय चाललंय ते बघायला मान खाली घालावी लागते, आणि सखाराम पाटलाला मान होती ती फक्त वर करण्यासाठी.

ठकूबाईचा जीव अडकला होता तो भाताच्या एका खाचरात. वतनं गेली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या नावावर नदीकाठचा एक तुकडा झाला. तुकडा म्हणजे गोटे आणि लव्हाळा. नवराबायकोनं सात उन्हाळे गोटे वेचून बांध घातला तेव्हा त्याचं खाचर झालं. नवरा गेला, पण सातबाऱ्यावर नाव राहिलं. तिच्या सासरच्या कुळात जमिनीवर लागलेलं ते पहिलं नाव. मुलगा चंदर कारखान्यात पाळीला जायचा, पगार आणायचा, पण पगाराचा तांदूळ आणि बांधातला तांदूळ यात फरक असतो. या साली तिनं पहिल्यांदाच उन्हाळी भात लावलं होतं. होळीच्या तोंडावर ते पोटरीला आलं होतं, लोंबी बाहेर पडायच्या बेतात होती. सकाळ-संध्याकाळ ती बांधावर जाऊन उभी राहायची, काम असो नसो.

त्या खाचराला पाणी यायचं ते पाटलाच्या खाचरातून. इकडची रीतच तशी. इंजानाचं पाणी पाटानं यायचं, वरचं खाचर भरायचं, बांधाच्या तोंडातून खालच्यात उतरायचं. वरच्यानं सोडलेलं पाणी खालच्यानं अडवायचं नाही, हा सगळ्या शिवाराचा नेम. सखारामाचं मोठं खाचर वर आणि त्याला लागून खाली, अगदी नदीला चिकटून, ठकूबाईचं.

आठ दिवस इंजान बिघडून पडलं होतं. भात तहानलं होतं. दुरुस्ती होऊन ते सुरू होणार होतं नेमकं पुनवेच्या सकाळी, म्हणजे होळीच्या उधाणाला, खाडी सगळ्यात वर चढते तेव्हा.

त्या सकाळी ठकूबाई उजाडताच पाणवठ्यावर गेली. औषधाची मोठी बाटली, तिच्या तोंडात चिंधीचा बोळा, बोळ्याला एक दोरी, बाटलीला दुसरी आणि बुडाला दगड. तिचा बाप खाडी अडवणाऱ्या खारबंदिस्तीवर राखणीला होता, तो असंच करायचा. बाटली तळाला टेकली की बोळा ओढायचा, म्हणजे तळाचं पाणी भरतं. खारं पाणी जड. ते वरून येत नाही, गोड्याच्या खालून तळाला धरून येतं. वरचं ओंजळभर चाखाल तर गोडच लागेल, आणि तिथंच माणूस फसतो. तिनं बाटली वर काढली, जिभेला लावली आणि थुंकली. राखेनं घासलेल्या तांब्यात ते पाणी ओतून ती तडक वरच्या पाणवठ्याकडे निघाली.

तिथं इंजानापाशी सखाराम, त्याची बायको पुतळाबाई, इंजान चालवणारा गजा आणि चार खातेदार जमले होते. नारळ फुटला होता. ठकूबाई दहा पावलांवर थांबली.

"पाटील, आज इंजान लावू नका. खाडी आलीया. दुपारच्या भरतीला तुमच्या पाइपापातूर येल."

सखारामानं तिच्याकडे न बघता गजाला डोळा मारला. "काय रं गजा, खाडी आली म्हनं. बोट बी येनार का मग मुंबईची?"

लोक हसले. ठकूबाई हसण्याला भिणारी नव्हती. "निवट्यांनी बिळं केली हायेत आमच्या पानवठ्यावर. शिंपल्या मेल्या त्या बघितल्या नाय का तुमी? तुमच्या पाइपाची जाळी तळाला बसलेली हाय. तळाचं पानी खारं हाय."

सखाराम दोन पायऱ्या उतरला, ओंजळ भरली, खुळखुळून गिळली आणि मिशा पुसत वळला. "गोड हाय. साखरंवानी गोड. या रं, चाखा सगळ्यांनी."

"ते वरचं हाय. आनि ही तुमची जागा वर. हे चाखा." तिनं तांब्या पुढे केला. "आमच्या पानवठ्याचं, तळाचं. सकाळी काढलंय. एक थेंब जिभंला लावा, मंग लावा इंजान."

पितळेचा लखलखीत तांब्या तिच्या हातात होता आणि सात जणांच्या सात जिभा तोंडात होत्या. एकाला एकाएकी आठवलं की आज आपला उपास. दुसऱ्याच्या गालात तंबाखू होती. तिसरा गजाकडे बघत राहिला आणि गजा इंजानाचं चाक पुसू लागला. पुतळाबाईचा हात पदराआडून जरा हलला. नवऱ्यानं बघितलं तसा तो आत गेला.

"ठेव तितं खाली," सखाराम म्हणाला.

"खाली ठेवून कसं चाखाल?"

"ठके, लई झालं! पस्तीस वर्सं या गावचं पानी पितीस आनि आता आमाला पानी शिकवतीस? तुला भात पिकवायचं जमंना म्हनून आमचं बी सुकवायला निघालीस व्हय? तुमच्या तांब्यातलं पानी तोंडाला लावू मी?"

"तुमच्या भातानं पिलं तरी चालंल, पन तुमी नको?" ठकूबाईचा आवाज चढला. "इतकी वर्सं आमी शिवलो की पानी बाटायचं. आज मी सोता सांगतीय पानी बाटलंय, तर इस्वास नाय!"

सखारामानं काठीनं तांब्या उलथला, म्हणजे शेवटी तिनं तो दगडावर ठेवला तेव्हा. हातातला उलथायची त्याची छाती नव्हती, किंवा तेवढं जवळ यायची तयारी नव्हती. पाणी दगडावरून ओघळून गेलं. ते खारं की गोडं, ते दगडाला कळलं असेल. गजानं हँडल मारलं आणि इंजान धडधडायला लागलं.

पालथ्या घड्यावर पाणी. ठकूबाईनं तांब्या उचलला, सरळ आपल्या खाचरावर गेली आणि फावड्यानं वरच्या बांधाचं तोंड बुजवून टाकलं. वर लव्हाळ्याचे गड्डे घातले, माती चोपली. चंदर पाळीवरून नुकताच आला होता, तो धावत आला.

"आये, हे काय करतीस? वरचं पानी अडवायचं नसतंय. तंटा व्हईल."

"व्हवू दे. तू घरी जा, भाकर खा."

तो गेला नाही, पण फावडंही त्यानं हातात घेतलं नाही. लिंबाखाली उभा राहिला. ठकूबाई बुजवलेल्या तोंडावर मांडी घालून बसली. तिला मनातून भीती वाटत होती. नेम मोडलेल्याला या शिवारात पाणी मिळत नाही, हे ती जाणून होती. पण डावीकडे पोटरीला आलेलं हिरवंगार भात उभं होतं आणि त्याच्याकडे बघितलं की भीतीची जागा रागानं भरून यायची.

सूर्य डोक्यावर आला तोवर सखारामाचं खाचर काठोकाठ भरलं. पाणी ठकूबाईच्या पाठीला लागलं. तिनं बोट बुडवून चाटलं. मघा वाटलं होतं त्यापेक्षाही खारं होतं. इतक्यात पाटाच्या वाटेनं सखाराम येताना दिसला, खांद्यावर फावडं, मागं गजा सोडून सगळे. पुतळाबाईही.

"ऊठ. बांध फुटतोय माजा."

"फुटू दे. तुमी इंजान बंद करा."

"ठके, ऊठ सांगतोय. पानी अडवायचा नेम नाय. उद्या तुज्या खाचरात थेंब येऊ देनार नाय मी. शिवारात कोन उभं करनार नाय तुला."

चंदर लिंबाखालून पुढे आला. ठकूबाईनं हातानंच त्याला थांबवलं आणि उठून उभी राहिली. घाईनं नाही, गुडघ्यावर हात टेकत.

"पाटील, सकाळी माजा तांब्या नको म्हनालात. बरं. आता हे तर तुमचंच पानी. तुमच्या इंजानानं काढलं, तुमच्या पाटानं आलं, तुमच्या खाचरात उभं हाय. माजा हात लागलेला नाय. बोट बुडवा आनि चाटा. सगळ्यांदेखत. गोड लागलं तर ह्या हातानं मी तोंड खोलीन, आनि पुन्ना कंदी तुमच्या आड यायची नाय."

आता कुणाला ना उपास आठवला ना तंबाखू. सगळे सखारामाकडे बघत होते. त्याला वाट उरली नव्हती. तो वाकला, दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

ठकूबाई अगदी समोर होती. त्याचा चेहरा तिनं पाहिला. जबडा आवळला, गळ्याची घाटी वर आली आणि तिथंच राहिली. त्यानं गिळलं नाही. डोळे क्षणभर आपल्या खाचराकडे गेले, त्या भरलेल्या पाण्याकडे, त्यात बुडालेल्या भाताकडे. त्याला कळलं होतं. एक शब्द पुरे होता. खारं. दोन्ही खाचरांचं पाणी खालच्या बांधातून नदीत काढून देता आलं असतं, सगळे जण हात लावते तर तासाभराचं काम.

"गोड हाय," सखाराम म्हणाला.

आणि त्यानं फावडं उचलून बांधावर घातलं. एक, दोन, तीन. गड्डे उखडले, माती गेली आणि पाणी भसकन ठकूबाईच्या खाचरात शिरलं. चंदर धावला तो फावड्याकडे नाही, पाटलाच्या गळ्याकडे, आणि तिला त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं. सखारामानं फावडं खांद्यावर टाकलं आणि पाटाच्या वाटेनं चालू लागला. चालता चालता तो तीनदा थुंकला. लोक तिथंच उभे होते, जावं की थांबावं कळेना.

तो इंजानापाशी पोचला असेल नसेल, धडधड थांबली.

पाटलाची आणि खातेदारांची आणखी वरची खाचरं अजून कोरडी होती, त्यांची पाळी संध्याकाळी होती. ठकूबाईनं चंदरला सोडलं आणि बांधावरून अशी हाक मारली की वरच्या पाणवठ्यापर्यंत ऐकू गेली असणार.

"सख्या! गोड हाय तर इंजान का बंद केलंस रं?"

पाटलाला अरेतुरे करणारी ती त्या गावातली पहिली बाई. पण कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही.

मायलेकांनी अंधार पडेपर्यंत पाणी काढून दिलं. उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी पातींची टोकं पांढरी झाली, आठव्या दिवशी पोटरीतल्या पोटरीत लोंबी जळली. सखारामाचं मोठं खाचरही तसंच गेलं. तलाठी आला तेव्हा सखारामानं सांगितलं, रोग पडला. तलाठ्यानं रोग लिहिला. सुंभ जळला, पीळ तसाच. ठकूबाईनं आपलं जळलेलं भात कापून म्हशीला घातलं. त्या दिवशी ती बांधावर बसून रडली, अगदी मोकळ्या गळ्यानं, कोण बघतंय याची पर्वा न करता. सात उन्हाळ्यांचे गोटे तिला आठवत होते.

वरची खाचरं वाचली होती. त्यांना अजून दोन पाण्यांची गरज होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येच्या उधाणाला, ठकूबाई सकाळी पाणवठ्यावर उतरली. आता ती रोज बोळ्याची बाटली घेऊनच जायची. सहज मान वर केली तर वरच्या पाणवठ्यावर सखाराम उभा. इंजान तयार होतं, गजा हँडल धरून होता, पण सुरू करत नव्हता. सखाराम इकडेच बघत होता. ती बघते आहे कळल्यावर त्यानं नजर आभाळाकडे वळवली, जसा काही पावसाचाच अंदाज घेतोय. ऐन फाल्गुनात!

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हा आपल्याला विचारणार नाही. मेला तरी विचारणार नाही. पण आपण बाटलीतलं चाखून पाणी भरतो की नाही ते बघून इंजान लावणार.

तिनं बाटली सोडली, बोळा ओढला, वर काढून घोट तोंडात घेतला. खारं. पहिल्यापेक्षा जास्तच. निवट्यांची बिळं आता पाण्याच्या रेषेपासून हातभर वर गेली होती. घोट तोंडात तसाच धरून ती उभी राहिली. आता फक्त गिळायचं होतं. गिळायचं, कळशी बुडवायची, कमरेवर घ्यायची आणि वाडीकडे चालू लागायचं. बाकीचं काम गजाचं हँडल करील. वरची सगळी खाचरं, एका दुपारीत. आपलं जळलं तसं त्याचं उरलेलंही जळेल, आणि तलाठी पुन्हा रोग लिहील. तिला हे करावंसं वाटलं. मनापासून वाटलं. मीठ जिभेला झोंबत होतं आणि ती नजर न हलवता सखारामाकडे बघत होती.

वाऱ्यानं वरचं भात एका अंगाला झुकलं. लोंब्या निसवल्या होत्या. ते भात वाडीच्या बायकांनीच लावलेलं, आवणाच्या, लावणीच्या दिवसांत ती स्वतः त्या चिखलात वाकली होती. भातानं तिचं काय घोडं मारलं होतं?

ती काठावर दोन पावलं पुढे आली, सखारामाच्या अगदी समोर होईल अशी, आणि घोट सगळा त्याच्या दिशेनं थुंकली. जोरानं, आवाज करून. मग रिकामी कळशी उचलून त्याला दिसेल अशी कमरेवर पालथी धरली आणि चालू लागली.

चढ चढेपर्यंत तिचा कान मागं होता. इंजान सुरू झालं नाही.